वैद्याने रुग्णवाहिकेवर जावे काय?

गेल्या आषाढातील गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालविणारे एक जुने स्नेही रात्री दुकान वाढवून थेट माझ्याकडे आले. सोबत त्यांचे चिरंजीव होते. मुलाची बी.ए.एम.एस.ची आंतरवासिता नुकतीच पूर्ण झालेली. बसता बसताच स्नेही म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याला जरा समजवा. म्हणतो, १०८ च्या गाडीवर जातो. साडेपाच वर्षे शिकविला तो काय गाडीवर बसण्यासाठी?" मुलगा मान खाली घालून होता. थोड्या वेळाने तो एवढेच म्हणाला, "सर, तुम्हीही गेला होतात ना?"

मी गेलो होतो, हे खरे. २०१४ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांचा चालता दवाखाना एका सहाध्यायी वैद्याच्या स्वाधीन करून मी रुग्णवाहिकेवर रुजू झालो आणि तीन वर्षांनी परत आलो. त्या काळाविषयी मी आजवर या पृष्ठांतून काही लिहिले नाही. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या अनेक घरांत आज हाच प्रश्न विचारला जात आहे आणि त्याची उत्तरे बहुधा प्रतिष्ठेच्या किंवा पगाराच्या हिशेबाने दिली जात आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी का गेलो

२००९ चा श्रावण. धानाच्या रोवणीचे दिवस. पहाटे पाचच्या सुमारास एका शेतमजुराने आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला दवाखान्यात आणले. पोटात कळ आणि एक वांती, एवढीच तक्रार. रात्री सर्वजण जमिनीवर झोपलेले. मी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिले. पोट मऊ होते. अजीर्णजन्य उदरशूल असे निदान केले. शंखवटी दिली, हिंग्वष्टक चूर्ण दिले, गरम पाणी पाजण्यास सांगितले आणि घरी पाठविले. तिचे बोलणे किंचित जड होते आणि पापण्या झुकल्या होत्या. रात्रीच्या जागरणाने असेल, असे मी मनाशी म्हटले.

दोन तासांनी तिला परत आणले तेव्हा तिची मान धरत नव्हती आणि घशात लाळ घरघरत होती. एका ओळखीच्या माणसाची जीप मिळवून आम्ही ग्रामीण रुग्णालयाकडे निघालो. वाटेत तिचा श्वास थांबला. हृदय चालू होते. स्टेथोस्कोपने मला ते स्पष्ट ऐकू येत होते. मी ते ऐकत बसलो, कारण त्याहून निराळे काय करावे हे माझ्या हातांना ठाऊक नव्हते. मग तेही थांबले. सायंकाळी अंथरुणाच्या घडीत मण्यार सापडला. दंशाची खूण शोधूनही दिसली नव्हती.

अगदतंत्राच्या प्रश्नपत्रिकेत मी विषाचे वेग क्रमाने लिहिले होते आणि मला गुणही उत्तम मिळाले होते. विष प्रत्यक्ष समोर येऊन बसले तेव्हा मात्र मी ते ओळखले नाही. दोष शास्त्राचा नव्हता, महाविद्यालयाचाही नव्हता. तो माझा होता. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन आला आणि त्याच्या पापण्या जड दिसल्या, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो मण्यारचा दंश समजावा, हे वाक्य आज मी आंतरवासितेच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून पाठ करून घेतो. मण्यारच्या विषाने श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. हृदय त्यानंतरही काही काळ चालू राहते. त्या अवधीत कोणी अँबू बॅगने फुप्फुसांत हवा भरत राहिला आणि रुग्णाला यांत्रिक श्वासोच्छ्वासाच्या सोयीपर्यंत पोचविले, तर तो वाचू शकतो. मी हे वाचले होते. केले कधी नव्हते.

सेवेचे स्वरूप

ज्या कामाला इंग्रजी वळणाने पॅरामेडिकचे काम म्हणतात, ते थोडक्यात असे: घटनास्थळी जाणे, रुग्णाचा प्राण टिकविणे आणि तो टिकलेल्या स्थितीत योग्य रुग्णालयाच्या स्वाधीन करणे. आंध्र प्रदेशात २००५ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली तेव्हा गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ बसविण्यात आले आणि पुढे अनेक राज्यांनी तीच पद्धत स्वीकारली. महाराष्ट्राने निराळा मार्ग घेतला. जानेवारी २०१४ पासून येथे ही सेवा सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी; त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. या दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर डॉक्टर नेमण्याचे ठरले आणि त्या जागांवर फार मोठ्या प्रमाणात आले ते बी.ए.एम.एस. व अन्य आयुष पदवीधर. पुण्यातील औंधच्या नियंत्रण केंद्रातून फोन येतो, चालक, ज्याला तेथे पायलट म्हणतात, गाडी काढतो आणि मागे रुग्णासोबत असतो तो आपला वैद्य.

म्हणजे इतरत्र जे काम पॅरामेडिक करतो, ते आपल्या राज्यात वैद्य करीत आहे. यास्तव "पॅरामेडिक व्हावे काय" हा प्रश्न महाराष्ट्रातील आयुर्वेद पदवीधरापुढे ज्या रूपाने येतो, तसा तो शेजारच्या तेलंगणातील पदवीधरापुढे येत नाही.

आणि आपल्या दोन जिल्ह्यांत त्याला आणखी एक धार आहे. गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला जिल्हा. त्याच्या भूभागाचा सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा वनाच्छादित आहे. सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर दोनशेच्या आसपास किलोमीटर अंतर पडते. भामरागडला पर्लकोटेचा ठेंगणा पूल वर्षानुवर्षे पावसाळ्यात पाण्याखाली जात आला आणि तेवढे दिवस तालुका तुटत आला. आतल्या टोल्यांवरून रुग्ण आजही खाटेची कावड करून रस्त्यापर्यंत येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणाऱ्यांवर अस्वल धावून येते, मे महिन्यात तेंदूपानाच्या हंगामात आणि एरवीही ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलच्या पट्ट्यात वाघाचे हल्ले होतात. चंद्रपूरच्या उन्हाळ्याविषयी तर वाचकांस सांगावयास नकोच. चंद्रपूरला २०१५ साली आणि गडचिरोलीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही मोठीच सोय झाली. परंतु महाविद्यालय शहरात असते आणि मण्यार टोल्यावर. या दोहोंमधला दोन-तीन तासांचा रस्ता कोणाच्या हाती सोपवायचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

तीन आक्षेप

माझ्या स्नेह्यांचे आक्षेप तीन होते आणि तिन्ही विचार करण्याजोगे होते.

पहिला आक्षेप पायरीचा. वैद्य झालेल्याने परिचारकाचे काम करावे, ही अधोगती नव्हे काय? येथे आपल्याच संहितांकडे पाहावे. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुणही सांगितले. वैद्याच्या चार गुणांत दाक्ष्य आणि शौच आहेत. उपस्थात्याच्या चार गुणांतही दाक्ष्य आणि शौच आहेत. अर्धे गुण दोघांचे समान. वैद्याला त्यापुढे शास्त्रज्ञान आणि दृष्टकर्मता हवी, तर उपस्थात्याला उपचाराची जाण आणि रुग्णाविषयी अनुराग हवा. आता प्रामाणिकपणे विचारावे: आपल्या नव्या पदवीधराजवळ या सहांपैकी काय असते? शास्त्रज्ञान असते. दृष्टकर्मता, म्हणजे कर्म पुनःपुन्हा डोळ्यांनी पाहून हातांत मुरलेले असणे, ही बहुधा नसते. २००९ साली ती माझ्याजवळही नव्हती. रुग्णवाहिका ती देते.

सुश्रुताचार्यांनी तर हा विषय आणखी स्पष्ट केला आहे. सूत्रस्थानातील युक्तसेनीय अध्यायात स्वारीवर निघालेल्या राजाबरोबर वैद्याने कसे असावे याचे वर्णन येते. त्याचा तंबू राजाच्या तंबूजवळ असावा आणि त्यावर ध्वज असावा, म्हणजे विष, शल्य वा रोग यांनी पीडित झालेल्यांना तो दुरून दिसेल आणि ते विनाविलंब तेथे येतील. चिकित्सेच्या चार पादांचे विवरणही सुश्रुताने याच अध्यायात केले आहे, हे लक्षणीय होय. सैन्याबरोबर चालणाऱ्या आणि आपली जागा ध्वजाने दाखविणाऱ्या त्या वैद्यात आणि निळा दिवा लावून धावणाऱ्या गाडीतील वैद्यात मला तरी फार अंतर दिसत नाही. त्याला कमी लेखण्याची बुद्धी आपल्याकडे संहितांतून आलेली नाही. ती खुर्ची-टेबलाच्या दवाखान्यातून आली आहे.

दुसरा आक्षेप निर्वाहाचा. तो मात्र खरा आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. नेमणूक कंत्राटी असते. कायम सेवेची, निवृत्तिवेतनाची हमी नसते. पाळी रात्रीची असते, सणावाराची असते. कंबर आणि झोप या दोहोंवर परिणाम होतो. चाळिशीनंतर हे काम शरीराला झेपत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. ज्याच्यावर घरचे कर्ज आहे किंवा ज्याचे लग्न ठरले आहे, त्याने हा हिशेब आधी कागदावर मांडावा.

तिसरा आक्षेप आयुर्वेद सुटण्याचा. तीन वर्षे ऑक्सिजन आणि सलाईन हाताळणाऱ्याचा नाडीवरचा हात जाईल, असे स्नेह्यांचे म्हणणे. यातही तथ्य आहे. गाडीत काढा उकळत नाही. मी परत आलो तेव्हा पंचकर्माचा माझा हात बसायला वर्ष गेले आणि जुन्या रुग्णांपैकी कित्येक दुसरीकडे गेलेले होते. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आत्ययिक अवस्था कोणती आणि धीराने चिकित्सा करण्याजोगी अवस्था कोणती, हे आता मला दाराशी उभ्या रुग्णाच्या श्वासावरून कळते. त्यामुळे ज्याला मी औषध देतो, त्याला निःशंक मनाने देतो. चरकाचार्यांनी वैद्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत, प्राणाभिसर आणि रोगाभिसर. २००९ च्या त्या पहाटे मी दुसऱ्या प्रकारचा होतो, हे लिहिताना आजही हात थरथरतो.

शास्त्राचा अभिमान आणि शास्त्राची मर्यादा

गाडीवर जाणाऱ्या वैद्याने एक अवघड गोष्ट आधी पचविली पाहिजे. सर्पदंशावर संहितांत अरिष्टाबंधन, आचूषण, छेदन, दहन असे उपाय सांगितले आहेत. दंशाच्या वर चार अंगुळांवर बांधावे, हे आपण सर्वांनी पाठ केले आहे. आजची सर्वमान्य पद्धत मात्र सांगते की बांधू नये, चिरू नये, चोखू नये, जाळू नये. दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीने स्थिर करावा, रुग्णाला चालू देऊ नये आणि प्रतिसर्पविष जेथे आहे तेथे विनाविलंब न्यावे. घट्ट बांधलेला पाय काळा पडून कापावा लागलेला मी पाहिला आहे. आणि बांधलेले एकदम सोडल्याबरोबर रुग्ण कोसळलेलाही पाहिला आहे. आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालते. साप ओळखण्यासाठी त्याला मारून आणण्यात वेळ दवडण्याचे काही कारण नाही.

यात शास्त्राचा अपमान आहे, असे मला वाटत नाही. प्रतिसर्पविष उपलब्ध नसलेल्या काळात आचार्यांनी जे हाती होते त्यांतून मार्ग काढला. आज साधन अधिक चांगले आहे. तात्काळ नेमके काय करायचे याचा क्रम ठरवून ठेवावा आणि वेळ दवडू नये, हा त्यांचा मूळ उपदेश मात्र जसाच्या तसा लागू आहे.

गाडीवरच्या माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात भामरागडच्या रस्त्यावरील एका गावातून मण्यारच्या दंशाचा फोन आला. गावच्या पुजाऱ्याने झाडपाला दिला होता. पण रुग्णाचा आवाज जड होताच रस्त्यावर माणूस धाडून फोन करविला होता तोही त्यानेच. पुढचे साठ-पासष्ट किलोमीटर मी बॅग दाबत होतो. हात भरून आले तेव्हा रुग्णाच्या भावाला शिकविले आणि आम्ही आळीपाळीने दाबू लागलो. तो मनुष्य पुढे व्हेंटिलेटरवर गेला आणि काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी परतला. हे सांगताना दुसरी नोंदही केली पाहिजे. त्याच वर्षी प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाची एक माता माझ्या गाडीत गेली. गर्भाशयाचे मर्दन केले, ऑक्सिटोसिन दिले, सलाईन दोन्ही हातांना चालू होते. रस्ता लांब होता. गाडीवर जाणाऱ्याला दोन्ही प्रकारच्या रात्री येणार, हे ठाऊक असले पाहिजे.

त्या पुजाऱ्याविषयी एक शब्द. माडिया-गोंड गावात रुग्ण प्रथम त्याच्याकडे जातो. त्याला हिणविणाऱ्या डॉक्टरला फोन उशिरा येतो. त्याच्याशी दोन शब्द आदराने बोलणाऱ्याला वेळेत येतो. हे मी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते.

पदवी मोठी की प्रशिक्षण

आपल्या जिल्ह्यातच या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था स्थापन केली. १९९५ पासून त्यांनी ३९ गावांत नवजात बालकांच्या घरोघरी शुश्रूषेचा प्रयोग केला. थोडेबहुत शिकलेल्या गावातील स्त्रियांना त्यांनी शिकविले: गुदमरलेल्या बाळाला श्वास कसा द्यावा, कमी वजनाचे बाळ ऊबदार कसे ठेवावे, जंतुदोषाची लक्षणे कशी ओळखावी आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन केव्हा व कसे द्यावे. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि पुढे २०११ पासून देशभरातील आशांच्या कामात ही पद्धत आली.

त्या स्त्रियांजवळ पदवी नव्हती. नेमकी कामे, पुनःपुन्हा केलेला सराव, नीट ठेवलेली नोंद आणि पाठीशी उभी असलेली संस्था एवढे होते. आपल्याजवळ पदवी आहे. बाकीच्या चार गोष्टी किती आहेत, हे ज्याचे त्याने तपासावे.

नोंदीचा मुद्दा मी मुद्दाम काढला. २६ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात आयुर्वेद डॉक्टरांची एम.बी.बी.एस. डॉक्टरांइतक्या वेतनाची मागणी अमान्य केली. तेथे दिलेल्या कारणांपैकी एक असे की आकस्मिक सेवा आणि अपघातग्रस्तांवरील उपचार हे आयुर्वेद डॉक्टर करू शकत नाहीत. निकाल वाचून आपल्यातील अनेकजण संतापले. मला त्या रस्त्याची आठवण झाली. महाराष्ट्रातील हजारो रात्री आयुर्वेद पदवीधरांनी हेच काम केले आहे. परंतु ते किती केले, कोणत्या प्रशिक्षणावर केले आणि त्याचे फळ काय आले, याची एकत्र नोंद आपल्या कोणत्या संघटनेने ठेवली? निवेदने पुष्कळ दिली गेली. खतावणी कोणी लिहिली नाही. न्यायालयापुढे आणि शासनापुढे शेवटी कागद बोलतो.

त्याच वेळी आपणही अतिरेक करू नये. महाराष्ट्रात १९६१ चा वैद्यक व्यवसायी अधिनियम आणि २५ नोव्हेंबर १९९२ ची अधिसूचना यांनी आपल्याला जी मोकळीक दिली, ती शिक्षणाच्या मर्यादेशी बांधलेली आहे. जे कर्म शिकलो नाही, ते गाडी धावत आहे म्हणून करण्याचा अधिकार येत नाही.

कोणी जावे, कोणी जाऊ नये

त्या रात्री मी त्या तरुणाला जे सांगितले, तेच येथे लिहितो.

दवाखान्याला जागा मिळेपर्यंत किंवा पदव्युत्तर प्रवेशाचा निकाल लागेपर्यंत वेळ काढण्यासाठी जाणार असशील, तर जाऊ नकोस. वेळ काढणाऱ्याच्या गाडीत रुग्णही वेळच काढतो. जाणार असशील तर मुदत ठरवून जा. दोन वर्षे, फार तर तीन. रुजू होतानाच्या प्रशिक्षणावर थांबू नकोस. श्वासमार्ग मोकळा करणे, बॅगने श्वास देणे, छातीदाब, रक्तस्राव थांबविणे, प्रसूती आणि नवजाताला श्वास देणे या पाच कर्मांचा सराव पुतळ्यावर आणि मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात हात बसेपर्यंत कर. प्रत्येक फेरीची नोंद स्वतःच्या वहीत ठेव. रुग्णाचे नाव न लिहिता काय पाहिले, काय केले, काय चुकले एवढे लिही. आठवड्यातून एक दिवस एखाद्या ज्येष्ठ वैद्याकडे बसत जा, म्हणजे नाडी सुटणार नाही.

याच वृत्तीच्या दुसऱ्या वाटाही आहेत. आदिवासी भागातील भरारी पथकांत बी.ए.एम.एस. डॉक्टरांनी मानधनावर अनेक वर्षे काम केले आहे. २०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही आपले पदवीधर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन गेले. ज्याला धावपळ झेपत नाही पण गाव सोडवत नाही, त्याने त्या वाटेचा विचार करावा.

आणि बारावी झालेल्या मुलांच्या पालकांना एक स्पष्ट गोष्ट सांगावीशी वाटते. मुलाला जन्मभर हेच काम करायचे असेल, तर त्याला बी.ए.एम.एस.ला घालून मग गाडीवर बसवू नका. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने पॅरामेडिकसह अनेक सहायक व्यवसायांना स्वतंत्र मान्यता दिली आहे. किमान २,००० तासांचे शिक्षण आणि नोंदणी अशी त्याची चौकट आहे. ती सरळ वाट आहे. आयुर्वेदाला ज्याला वैद्य व्हायचे आहे त्यानेच यावे. उत्तम पॅरामेडिक हा अर्धवट वैद्यापेक्षा समाजाच्या अधिक उपयोगाचा होय.

जे गाडीवर जाणार नाहीत, त्यांच्यासाठी

आपल्यापैकी बहुतेकजण जाणार नाहीत. जाण्याचे कारणही नाही. परंतु पहिली दहा मिनिटे आपल्याच दाराशी येतात. प्रत्येक दवाखान्यात अँबू बॅग असावी आणि वैद्यासह मदतनिसालाही ती वापरता यावी. उष्माघाताचा रुग्ण आला तर आधी अंगावर पाणी आणि वारा देऊन गार करावा आणि गार करीत करीतच पुढे न्यावा. वाघ-अस्वलाच्या हल्ल्यात मान आणि चेहरा फाटलेला असतो. रक्ताइतकेच श्वासमार्गाकडे लक्ष द्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंची जबाबदारी याहून कमी नाही. आठवडी बाजाराच्या गावात रात्री उघडणारे दार बहुधा औषधाच्या दुकानाचे असते. साप चावला म्हणून वेदनेची गोळी मागणाऱ्याला डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन देऊ नये; घोणस-फुरशाच्या विषात रक्त आधीच गोठत नसते, त्यात या गोळ्यांनी भर पडते. गोळी न देता १०८ फिरवावा, आणि प्रतिसर्पविष आज कोणत्या केंद्रावर शिल्लक आहे हे ठाऊक ठेवावे. दर पावसाळ्याच्या तोंडावर, मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने वैद्य आणि विक्रेते यांची एकत्र एक दिवसाची सराव-बैठक घ्यावी आणि गाडीवर काम केलेल्या सभासदांनी ती चालवावी, अशी माझी सूचना आहे. त्यांच्या नोंदवह्याही संघटनेने त्याच वेळी संकलित कराव्यात.

असो. त्या रात्री स्नेह्यांनी शेवटी मला विचारले, "तुमचा स्वतःचा मुलगा असता तर पाठविला असता का?" मी क्षणभर थांबलो. त्यांना मी २००९ च्या त्या पहाटेची हकीकत सांगितली; तोवर ती मी घरच्यांखेरीज कोणालाही सांगितली नव्हती. मग म्हणालो, "तीन वर्षांसाठी पाठविला असता. उशिरा शिकण्यापेक्षा बरे."

मुलगा सध्या गाडीवर आहे. त्याचे वडील आजही नाराज आहेत. मात्र दुकानाच्या गल्ल्याशेजारी त्यांनी एक अँबू बॅग आणून ठेवली आहे, आणि ती कशी धरायची हे विचारायला ते परवा माझ्याकडे आले होते.